बारा मेंढ्या आणि एक कोरडा मुलूख: काराकुल बुखाऱ्याहून नामिबियात गेली त्याची गोष्ट

१९०७ साली जर्मनीहून बारा मेंढ्या बोटीने नैऋत्य आफ्रिकेला गेल्या. तेव्हा ती जर्मनांची वसाहत होती, आज त्या देशाला नामिबिया म्हणतात. मेंढ्या काराकुल जातीच्या, मूळच्या बुखाऱ्याकडच्या. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत या कोरड्या मुलखातून, शेजारच्या दक्षिण आफ्रिकेचा माल धरला तर, वर्षाला पन्नास लाखांच्या घरात कातडी जगाच्या बाजारात जायला लागली, आणि तिथून वीस वर्षं व्हायच्या आत तोच धंदा बसला. हे प्रकरण मला नीट मांडायचंय, कारण आपल्याकडे बाहेरची जात आणायची म्हटलं की बोलणं सगळं जनावरावरच होतं, वजन किती, पिल्लं किती, दूध किती. ते जनावर कुठल्या जमिनीवर घडलंय आणि कुठल्या बाजारासाठी घडलंय हे फारसं कोणी विचारत नाही. काराकुल जिथे जिथे गेली तिथे मेंढी तीच होती, जमीन आणि बाजार मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे होते, आणि सगळा फरक तिथेच पडला.

आधी मूळ. काराकुल हे खरं तर गावाचं नाव. उझबेकिस्तानात बुखाऱ्याच्या नैऋत्येला, जरफशान नदी वाळवंटात शिरून जिरून जाते त्या टोकाला हे गाव आहे, नावाचा अर्थ काळं तळं. एका बाजूला किझिलकुम, दुसऱ्या बाजूला काराकुम, म्हणजे लाल वाळू आणि काळी वाळू. उन्हाळ्यात चाळीस अंशाच्या वर ऊन, हिवाळ्यात गोठवणारी थंडी, पाऊस अगदी बेताचा, खायला खारट झुडपं आणि वसंतात महिना-दोन महिने टिकणारं गवत. एवढ्यावर जी मेंढी जगेल तीच टिकणार. म्हणून काराकुलची शेपटी रुंद, चरबीने भरलेली, आणि टोकाला एस आकाराची बारीक शेपूट लोंबते. चांगल्या दिवसांत चरबी साठते, टंचाईत तीच जिरवून मेंढी दिवस काढते. उंटाचं मदार आपल्याला शाळेत शिकवतात, तसंच हे. अंगाने मध्यम, मादी साधारण ४५ ते ६५ किलो, नर ८० ते १०० पर्यंत, कान लांब लोंबते, नाक बाकदार, नराला बहुतेक शिंगं असतात, मादीला सहसा नसतात. लांब लांब चालायची सवय, कळप धरून राहायचा स्वभाव, आणि वेताला बहुतेक एकच कोकरू.

मोठ्या मेंढीकडे बघून कोणी हिच्यासाठी समुद्र ओलांडेल असं वाटणार नाही. लोकर जाडीभरडी, रंग करडा-तपकिरी, फक्त तोंड आणि पाय काळे राहिलेले. सगळी किंमत आहे ती कोकराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. कोकरू जन्मतं तेव्हा अंगावर काळे कुळकुळीत, तकतकीत, घट्ट वळलेले कुरळे असतात, एकेक कुरळा बारीक नळीसारखा वळलेला आणि शेजारच्याला चिकटून ओळीने बसलेला. मानेवरून खांद्याकडे, पाठीवरून कमरेकडे या ओळी वाहत जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नळ्या सैल पडायला लागतात, काही दिवसांत उघडतात, चमक जाते, आणि वर्षा-दोन वर्षांत काळा रंगही अंगावरून उतरत उतरत करडा होतो. म्हणजे जगात ज्याला एवढी किंमत आली ती गोष्ट त्या जिवाच्या अंगावर दोन-तीन दिवसच असते.

मी हे कातडं पहिल्यांदा हातात धरलं ते श्रीनगरमध्ये, टोप्यांच्या एका जुन्या दुकानात. काश्मिरात त्या टोपीला काराकुलीच म्हणतात, शेख अब्दुल्लांच्या फोटोत असते ती. दुकानदार चाचांनी एक टोपी उलटी करून आतली शिवण दाखवली, मग सरळ करून म्हणाले हात फिरवून बघा. एका दिशेने फिरवला तर रेशमासारखं, उलट्या दिशेने फिरवला तर बोटाला बारीक बारीक कडा लागतात. वजन जवळजवळ नाहीच. पातळ कागदासारखं कातडं आणि त्यावर अशी नक्षी जी कोणी विणलेली नाही. चाचांनी सांगितलं की समोरचा आणि मागचा तुकडा एकमेकांशी जुळायला हवा म्हणून कधीकधी खूप कातडी उलटीपालटी करावी लागतात, कुठल्याच दोघांची नक्षी एक नसते. मेंढ्यांच्या कामातली असूनही मला तोवर या टोपीचा आणि मेंढीच्या जातीचा संबंध नीट माहीत नव्हता.

आता न टाळता सांगायची गोष्ट. या कातड्यासाठी कोकरू एक ते तीन दिवसांचं असताना मारतात. बुखाऱ्यात हे शेकडो वर्षं चालत आलेलं, आणि तिथल्या पशुपालकाच्या दृष्टीने त्यामागे हिशोब होता. पैदाशीला लागणाऱ्या माद्या आणि थोडे निवडक नर ठेवायचे, उरलेल्या नर कोकरांना पाजायला चारा कुठून आणायचा हा प्रश्न असायचा. कोकरू गेलं की मेंढीचं दूध माणसाला मिळायचं, त्याचं चीज आणि वाळवून ठेवायचे दह्याचे गोळे व्हायचे, आणि मेंढीवरचा ताणही कमी व्हायचा. हा हिशोब लक्षात ठेवा, नामिबियात जे झालं त्याची किल्ली यातच आहे.

बुखाऱ्याचा माल बाहेर पडायचा तो रशियातून, व्होल्गा नदीच्या मुखाजवळच्या अस्त्राखान बंदरावरून आणि निझनी नोव्हगोरोदच्या जत्रेतून. त्यामुळे युरोपात या कातड्याला अस्त्राखान म्हणायला लागले, काहीजण पर्शियन लॅम्ब म्हणायचे, खरं तर माल ना अस्त्राखानचा ना इराणचा. ज्याने वाटेत विकलं त्याचं नाव लागलं आणि ज्यांनी मेंढी घडवली त्यांचं गाव मागे पडलं. हे सगळं शेवटी जमा व्हायचं जर्मनीत लाइपझिगला. तिथली ब्र्यूल नावाची गल्ली म्हणजे त्या काळातली फरच्या व्यापाराची जगातली एक मोठी पेठ. तिथल्या पाउल टोरर नावाच्या व्यापाऱ्याच्या डोक्यात आलं की माल विकत घेत बसण्यापेक्षा मेंढीच आणावी. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्याने बुखाऱ्याहून काराकुल मेंढ्या जर्मनीत आणवल्या, हाले विद्यापीठातल्या पशुपैदास विभागात त्यांच्यावर काम सुरू झालं. हालेला युलियस क्यून यांनी पाळीव प्राण्यांची मोठी बागच उभी केली होती, वेगवेगळ्या जाती एका ठिकाणी ठेवून संकर करून बघायचे. मेंढ्या तिथे जगल्या, व्याल्या, पण ओल्या हिरव्या जर्मनीत जमीन महाग, चारा महाग, तिथे दोन दिवसांच्या कोकरासाठी मेंढी पाळणं शेतकऱ्याला परवडेना, काम बहुतेक पैदास केंद्रापुरतंच राहिलं. मग नजर गेली वसाहतीकडे. गव्हर्नर फ्रीडरिश फॉन लिंडेक्विस्ट याने या मेंढीत रस घेतला आणि १९०७ साली त्या बारा मेंढ्या रवाना झाल्या, दोन वर्षांनी मोठा कळप मागोमाग गेला.

इथे एक गोष्ट बहुतेक लोक गाळतात, मला ती गाळायची नाही. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने त्याच मुलखात हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, हजारो माणसं गोळीने, वाळवंटात पाण्यावाचून आणि छावण्यांमध्ये मेली, विसाव्या शतकातला पहिला वंशसंहार म्हणून त्याची नोंद आहे. हे दोन्ही समाज गुराढोरांवर जगणारे. त्यांची जमीन आणि जनावरं सरकारने जप्त केली आणि हजारो हेक्टरची फार्मं गोऱ्या वसाहतवाल्यांना दिली. काराकुल उतरली ती अशी मोकळी केलेल्या जमिनीवर. मेंढी तिथे का रुजली याचं उत्तर देताना नुसतं हवामान सांगून थांबलं तर ते अर्धंच उत्तर होईल. मोठ्या मोठ्या रानात विरळ मेंढ्या सोडायच्या तर आधी ते रान कोणाकडून तरी हिसकावलेलं होतं, आणि त्या फार्मांवर मेंढ्या राखणारे मजूर पुष्कळदा ज्यांची जमीन गेली त्यांच्यातलेच होते.

हवामानाचं म्हणाल तर दक्षिण नामिबिया बुखाऱ्याशी चांगलाच जुळतो. कीटमन्सहूप, मारियेंटाल, माल्टाहोहे हा सगळा पट्टा वर्षाला शंभर-दोनशे मिलिमीटर पावसाचा, त्यातही एक वर्ष पडतो, दोन वर्षं पाठ फिरवतो. आपल्या माण-खटावला आपण दुष्काळी म्हणतो तिथे याच्या दुपटीहून जास्त पडतो, म्हणजे अंदाज येईल. खायला खुरटी झुडपं. पण पासष्ट वर्षांत लाखो मेंढ्या बाहेरून आणलेल्या मोजक्याच जनावरांतून कशा झाल्या असतील? शुद्ध पैदाशीने एवढी वाढ होणं शक्यच नव्हतं. त्यांनी केलं ते असं, काराकुल नर घेतले आणि तिथल्या स्थानिक मेंढ्यांवर सोडले. त्यातली महत्त्वाची जात ब्लॅकहेड पर्शियन, नावात पर्शियन असलं तरी मूळची सोमालियाची, अंग पांढरं, डोकं काळं, अंगावर लोकर नाही, आखूड केस. पहिल्या पिढीत निम्मं रक्त काराकुलचं, त्या माद्यांवर पुन्हा काराकुल नर, पाऊण रक्त, पुन्हा तेच, साडेसत्त्याऐंशी टक्के, असं चढत जायचं. काराकुलचा काळा रंग प्रबळ असतो, त्यामुळे पहिल्याच पिढीपासून कोकरं काळी दिसतात, कुरळे मात्र हळूहळू येतात, चौथ्या-पाचव्या पिढीला बघण्यासारखं कातडं मिळतं. म्हणजे धीराचं काम, आणि प्रत्येक पिढीत कोकरू जन्मलं की त्याच दिवशी बघून ठरवायचं, ठेवायचं की नाही.

या निवडीतच नामिबियाची काराकुल मूळ काराकुलपासून वेगळी झाली. बुखाऱ्यात जाड घट्ट नळीदार कुरळ्याला मान होता. नामिबियातल्या पैदासकारांनी आखूड केस, पातळ कातडं आणि नळीऐवजी सपाट लहरी अशी निवड केली, तळ्याच्या पाण्यावरून वाऱ्याची झुळूक गेल्यावर जशा बारीक रेघा उमटतात तशी नक्षी. हलकं कातडं म्हणजे हलका कोट, आणि युरोपातल्या शिंप्यांना तेच हवं होतं. १९१९ मध्ये पैदासकारांची संघटना झाली, विंडहुकजवळ नॉयडामला सरकारी प्रायोगिक फार्मवर काराकुलचं काम सुरू झालं, पुढे कीटमन्सहूपजवळ गेलाप-ओस्ट केंद्रावर पांढऱ्या काराकुलची पैदास झाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीला निर्यात वर्षाला दहा लाख कातड्यांच्या पुढे गेली. तिथले लोक त्याला काळे हिरे म्हणायचे. १९६० च्या दशकात या मालाला स्वाकारा असं स्वतःचं नाव दिलं गेलं, साउथ वेस्ट आफ्रिका काराकुल यातली अक्षरं जोडून. पर्शियन, अस्त्राखान या उसन्या नावांनंतर पहिल्यांदा माल जिथला तिथलं नाव लागलं.

रंगांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पैदाशीत हात घातलेल्या कोणालाही हे भिडेल. काराकुल फक्त काळी नसते. काळ्याला मध्य आशियात अरबी म्हणतात, करड्याला शिराझी, तपकिरीला कंबार, आणि सूर नावाचा एक प्रकार असतो ज्यात केसाचं मूळ गडद आणि टोक सोनेरी किंवा चंदेरी, त्यामुळे कोकरू उन्हात हललं की रंग चमकून जातो. करड्याला बाजारात भाव चांगला, म्हणून साहजिकच करडा नर करड्या मादीवर सोडायचा मोह. तसं केलं की साधारण चारातलं एक कोकरू दोन्हीकडून करडेपणाचा जीन घेऊन येतं. जन्मतः ते ठणठणीत असतं, आईचं दूध पितं, वाढतं. दूध तुटून चाऱ्यावर आलं की पोट फुगायला लागतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही, आणि काही महिन्यांत ते मरतं. कारण रवंथाच्या पोटाच्या भिंतीत जे मज्जातंतूंचे पुंजके असायला हवेत ते त्याच्यात नीट तयारच झालेले नसतात. रंग आणि पोट यांचा काय संबंध असं वाटेल, पण गर्भात रंगाच्या पेशी आणि या तंतूंच्या पेशी एकाच मुळातून निघून अंगभर पसरतात. अशी कोकरं ओळखायची खूण म्हणजे जीभ, जन्मल्या जन्मल्या तोंड उघडून बघायचं, जीभ फिकी गुलाबी दिसली तर ते दुहेरी करडं. म्हणून सरळ नियम झाला की करडा काळ्यावरच सोडायचा. पांढऱ्या काराकुललाही असाच त्रास आहे.

आता ती किल्ली. नामिबियाच्या दक्षिणेत काराकुल का टिकली? मांसासाठी मेंढी पाळायची तर कोकरू चार-सहा महिने पोसावं लागतं, पाऊस गेला की आईचं दूध आटतं, आई खंगते, कोकरू मरतं, पुढचा वेतही जातो. कातड्याच्या धंद्यात कोकरू दोन दिवसांत निघून जातं, आई दूध पाजायच्या ओझ्यातून सुटते आणि तिच्या शेपटीतली चरबी तिच्यासाठीच राहते. वर कातडं हलकं, नासत नाही, मीठ लावून वाळवून गठ्ठा बांधला की शेकडो किलोमीटरवरच्या स्टेशनावर न्यायला बर्फ लागत नाही की ट्रकभर जागा लागत नाही. दुष्काळात जिथे बाकी सगळं बुडतं तिथे हे पीक हाताशी येतं. क्रूर आहे, पण त्या जमिनीचा विचार केला तर हिशोब पक्का आहे, आणि म्हणूनच जर्मनीत न जमलेलं तिथे जमलं.

बाकी ठिकाणांचं थोडक्यात. १९२० मध्ये बुखाऱ्याचं अमिरातीचं राज्य लाल सैन्याने संपवलं, अमीर आलिम खान पळून अफगाणिस्तानात गेला आणि पुढच्या वर्षांत कितीतरी तुर्कमेन आणि उझबेक कुटुंबं कळप हाकत अमू दर्या ओलांडून उत्तर अफगाणिस्तानात आली. मेंढी आणि ती राखणारी माणसं एकत्रच आली, त्यामुळे तिथे शिकवायचं काही राहिलंच नाही, आणि १९३० पासून पुढे कित्येक दशकं काराकुल ही अफगाणिस्तानच्या मुख्य निर्यातींपैकी एक होती. हमीद करझाईंच्या डोक्यावरची टोपी त्यातलीच, जिनांची प्रसिद्ध टोपीही याच कातड्याची. सोव्हिएत संघानेही धंदा सोडला नाही, समरकंदला खास काराकुलची संशोधन संस्था उभी केली. अमेरिकेत १९०८ पासून मेंढ्या नेल्या, पण तिथे लांब लोकरीच्या मेंढ्यांशी संकर करून कुरळेच बिघडवून ठेवले. ब्लॅकहेड पर्शियनच्या केसाळ अंगावर कुरळा बसतो, लांब लोकरीत तो उघडून जातो, एवढा साधा फरक. आज तिथे ती दुर्मिळ जात आहे, हाताने सूत कातणारे हौशी लोक तिच्या लोकरीसाठी सांभाळतात. आणि आपल्याकडेसुद्धा आली बरं का. १९७५ मध्ये सोव्हिएत संघाकडून काराकुल आणून राजस्थानात बिकानेरच्या केंद्रात ठेवल्या, मारवाडी, सोनाडी, मालपुरा अशा तिथल्या मेंढ्यांशी संकरही झाले. मेंढी थरच्या वाळवंटात जगली, संकरातली कातडी बऱ्यापैकी निघाली. पण लिलावघरं, कातडं कमावणारे, आणि मुख्य म्हणजे दोन दिवसांचं कोकरू मारायला तयार असलेला मेंढपाळ, यातलं काहीच इथे नव्हतं. थरच्या वाळवंटातला रायका मेंढपाळ असो की आपला धनगर, ताज्या कोकरावर सुरी चालवणं त्याच्या मनाला पटणारं नाही, आणि मला वाटतं ही गोष्ट प्रकल्प आखतानाच कोणीतरी विचारायला हवी होती.

नामिबियाचा उतार १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. फॅशन बदलली, युरोपात फर घालण्याविरुद्ध आवाज वाढला, भाव पडले, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमका लांबलेला दुष्काळ पडला. दुष्काळातून तारणारी मेंढी बाजाराच्या दुष्काळातून तारू शकली नाही. फार्मवाले भराभर डॉर्परकडे वळले, मांसाची मेंढी, डॉर्सेट हॉर्न आणि तीच ब्लॅकहेड पर्शियन यांच्या संकरातून दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली. म्हणजे जिच्यावर काराकुल चढवत चढवत आणली होती तीच सोमाली मेंढी दुसऱ्या वाटेने परत त्या रानात आली. डॉर्परला चारा जास्त लागतो, एवढंच नाही, त्याची कोकरंही पोसावी लागतात, आणि रानावर त्याचा भार पडला असं तिथले जाणकार सांगतात. कातड्यांची संख्या पन्नास लाखांवरून घसरत घसरत पुढे लाख-सव्वा लाखाच्या आसपास आली. लिलाव कोपनहेगनला व्हायचे, २०२० मध्ये डेन्मार्कने कोरोनामुळे फरसाठी पाळलेली सगळी मिंक (मुंगसासारखी छोटी जनावरं) मारली आणि तिथलं लिलावघरच गुंडाळायची वेळ आली, तोही आधार गेला.

कोकराच्या मुद्द्यावर मला जे वाटतं ते लिहिते. २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका प्राणीरक्षण संस्थेने बुखाऱ्याकडच्या फार्मचं चित्रीकरण बाहेर आणलं, त्यात गाभण मेंढ्या मारून पोटातली कोकरं काढताना दिसत होती, कारण न जन्मलेल्या कोकराचं कातडं आणखी सपाट आणि रेशमी असतं, त्याला ब्रॉडटेल म्हणतात. नामिबियाच्या नियमावलीत गाभण मेंढी मारायला बंदी आहे, फरक मोठा आहे, आणि सगळ्यांना एका मापाने मोजू नये. पण तरीही, मी मेंढ्यांच्या वाड्यात वाढलेली आहे, व्यायलेली मेंढी कोकरू चाटून कोरडं करते तेव्हा घशातून जो बारीक आवाज काढते तो मी शेकडो वेळा ऐकलाय, ते दुसऱ्या दिवशी उचलून न्यायचं हे मला करवणार नाही. आमच्याकडे कोकराच्या पहिल्या कातरणीला जावळ म्हणतात, बाळाच्या जावळासारखंच. जावळाचं घोंगडं सगळ्यात मऊ, सगळ्यात महाग, आजी ते पेटीत जपून ठेवायची. तीही कोकराच्या पहिल्या केसांचीच किंमत आहे, फक्त कोकरू कातरून झाल्यावर उड्या मारत आईकडे जातं. पण हेही खरं की माण-खटावला जेवढं गवत उगवतं तेवढं कीटमन्सहूपला उगवत नाही, त्यामुळे त्या माणसांना इथून बसून नावं ठेवायला मी धजत नाही.

काराकुल मेंढी मात्र नामिबियात अजून आहे. मोठ्या मेंढीची जी जाडीभरडी लोकर आधी कोणी विचारत नव्हतं तिचे गालिचे विणतात, दोर्दाबिसजवळच्या इबेनस्टाइन फार्मवर १९५० च्या दशकापासून हे काम चालत आलंय. करडा, तपकिरी, काळपट, पांढरा, मेंढीच्या अंगावरचे रंग न रंगवता तसेच मागावर चढतात. त्या लोकरीसाठी मेंढीने नुसतं जगत राहायला लागतं, आणि म्हाताऱ्या मेंढीचीही चालते.